ताबा ठरतो तो तारखांवर

विभक्त आईबापांच्या भांडणात मूल कुणाकडे राहावे, याचा आपल्याकडचा कायदा सव्वाशे वर्षांत खूप बदलला. १८९० च्या पालक व पाल्य कायद्यात मुलाच्या हिताचा उल्लेख होता. पण बाप हयात आणि लायक असेल तर न्यायालयाने दुसरा पालक नेमू नये, असेही त्यातच लिहिले होते. त्या वाक्यात बापाच्या जोडीला आई यायला २०१० ची दुरुस्ती लागली. न्यायाधीश मात्र पुढे गेले होते. सरस्वतीबाई वेद खटल्यात १९४० सालीच मुंबई उच्च न्यायालयाने मुलाचे हित आईबापांच्या हक्कांच्या वर ठेवले. १९५६ च्या हिंदू कायद्याने पाच वर्षांखालील मूल सर्वसाधारणपणे आईकडे राहील असे म्हटले खरे, पण नैसर्गिक पालक म्हणून पहिला मान बापालाच दिला आणि आईला त्याच्या ‘नंतर’ ठेवले. गीता हरिहरन यांच्या याचिकेवर १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या ‘नंतर’चा अर्थ बापाच्या मृत्यूपुरता न धरता त्याच्या गैरहजेरीत असा लावला, तेव्हा कुठे आईच्या सहीला किंमत आली.

तत्त्व असे सुधारले, तरी माझ्या मते मुलाचा ताबा अजूनही मोठ्या प्रमाणात तारखाच ठरवतात. मूळ दावा वर्षानुवर्षे चालतो, तोवर अंतरिम ताबा ज्याच्याकडे असतो त्याच्याच घरात मुलाची शाळा आणि मित्र रुजतात. मग निकालाच्या वेळी ‘मूल इथे स्थिरावले आहे’ हाच सर्वांत भक्कम मुद्दा ठरतो. गोव्यातल्या एका खटल्यात पाच वर्षांखालच्या मुलाच्या केवळ अंतरिम ताब्याचा वाद खालच्या न्यायालयापासून थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१५ मध्ये तिथे आईच्या बाजूने निकाल लागला. आई अयोग्य आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी बापाची, असे न्यायालयाने बजावले. निकाल योग्यच होता. पण इतक्या लहान वयातले महिने मुलाला परत मिळत नाहीत.

यावर म्हटले जाते की घाईत घेतलेला निर्णय उशिरापेक्षा वाईट. तो धोका खरा आहे, विशेषतः घरात मारहाण झाली असेल तेव्हा. विधी आयोगाने २०१५ च्या २५७ व्या अहवालात सुचवलेला संयुक्त ताबाही अशा घरांना सरसकट लागू करता येणार नाही. पण सावधगिरीसाठी वर्षे लागत नाहीत. महाराष्ट्राच्या कुटुंब न्यायालयांत विवाह समुपदेशक आहेत. मुलाशी, दोन्ही घरांशी आणि शाळेशी बोलून त्यांनी दिलेला अहवाल पहिल्या काही आठवड्यांत न्यायाधीशापुढे आला, तर अंतरिम आदेश पुराव्यावर उभा राहील. दुसऱ्या पालकाच्या भेटी त्याच आदेशात ठरवाव्यात, आणि त्या मोडल्या तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दखल घ्यावी. हे करायला नवा कायदा लागत नाही. माणसे, खोल्या आणि ठरलेली मुदत लागते.