चिखलाची गाडी, चैनीची गाडी

मोटारींच्या बाजारात चार पैसे अधिक खर्चण्याच्या तयारीने उतरणाऱ्या ग्राहकासमोर आज एक पेच हमखास उभा राहतो : एसयूव्ही घ्यायची तर ऐषारामी घ्यावी की रांगडी? एकीत मऊ चामड्याची आसने, काचेचे छत आणि बाहेरचा गोंगाट आत येऊ न देणारे दरवाजे. दुसरीत उंच चाके, चारही चाकांना मिळणारी इंजिनाची ओढ आणि ओढेनाले तुडवण्याचे आश्वासन. वरवर पाहता हा प्रश्न धनिकांच्या आवडीनिवडीचा आहे. बसच्या रांगेत उभ्या असलेल्या शिक्षकाला वा कारकुनाला त्याचे सोयरसुतक असण्याचे कारण नाही. परंतु २०२४-२५ या आर्थिक वर्षात भारतात विकल्या गेलेल्या प्रवासी मोटारींपैकी सुमारे ६५ टक्के मोटारी एसयूव्ही आणि तिच्या भाईबंदांच्या वर्गातील होत्या. एखादी निवड एवढी सार्वत्रिक झाली की ती निवडणाऱ्याची खासगी बाब राहत नाही. रस्ता, इंधन आणि कर या तिन्ही वाटांनी ती सर्वांच्या दाराशी येते.

मुळात या दोन्ही गाड्या एकाच कुळातल्या. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी जी जीप घडवली गेली, ती या कुळाची मूळ पुरुष. युद्ध संपल्यावर इंग्लंडमध्ये मॉरिस विल्क्स यांनी आपल्या शेतावर वापरलेल्या अशाच एका जीपवरून १९४८ साली लँड रोव्हर साकारली. पोलाद नियंत्रित दराने व मोजून मिळत होते, म्हणून तिचा सांगाडा झाकण्यासाठी अॅल्युमिनियमचे पत्रे वापरले गेले. म्हणजे तिचे रूपही टंचाईनेच ठरवले. भारतात महिंद्र कंपनीने त्याच दशकाच्या अखेरीस मुंबईत जीप जुळवण्यास प्रारंभ केला, आणि २ ऑक्टोबर १९५२ रोजी समुदाय विकास कार्यक्रम सुरू झाल्यावर विकास गटाच्या अधिकाऱ्याची जीप हीच खेड्याला दिसणारी सरकारची मूर्ती ठरली. त्या गाडीत बसणे हे सुख नव्हते; बसणाऱ्याची हाडे खिळखिळी होत. पण ती पोहोचत असे, आणि तिचे मोल तिच्या पोहोचण्यात होते.

या अवजाराचा अलंकार कसा झाला, हा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुद्दाम पाहावा असा प्रवास आहे. १९७० साली पहिली रेंज रोव्हर बाजारात आली, तेव्हा तिला दोनच दरवाजे होते, आणि आतील चिखल पाण्याच्या नळीने धुऊन काढता यावा अशी तिच्या अंतर्भागाची योजना होती. आज त्याच नावाच्या गाडीची किंमत दोन कोटी रुपयांहून अधिक आहे, आणि तिच्या आत पाण्याची नळी नेण्याची कल्पनाही कोणी करणार नाही. १९७९ साली आलेल्या मर्सिडीजच्या जी-वर्गाची कथाही निराळी नाही. सैन्याच्या गरजा डोळ्यांसमोर ठेवून आखलेली ती चौकोनी गाडी आज महानगरांतील पंचतारांकित हॉटेलांच्या पोर्चमध्ये अधिक दिसते. थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी १८९९ साली सप्रयोजन उधळपट्टीचा जो सिद्धान्त मांडला, त्याला याहून सोज्वळ उदाहरण सापडणे कठीण. वस्तूची उपयुक्तता ही येथे खर्चाचे कारण राहिलेली नसून निमित्त झालेली आहे.

यावर कोणी म्हणेल की, ऐषारामी गाडीची गोष्ट सोडा. रांगडी गाडी तरी प्रामाणिक आहे ना? तेथेही आता विश्वासाने होकार देता येत नाही. जुन्या लँड रोव्हरचा वारसा सांगणाऱ्या डिफेंडरचे उत्पादन २०१६ च्या जानेवारीत थांबले, आणि त्यानंतर आलेली त्याच नावाची गाडी जुन्या पद्धतीच्या स्वतंत्र चेसिसवर नव्हे, तर ऐषारामी भावंडांप्रमाणेच एकसंध अॅल्युमिनियमच्या साच्यावर उभी आहे. तिचे सामर्थ्य जुनीपेक्षा कमी नाही. पण तिची किंमत ती ओढ्यात घालू देत नाही. ही कंपनी २००८ पासून टाटा समूहाकडे आहे आणि रेंज रोव्हरची जुळणी २०२४ पासून पुण्यात होऊ लागली आहे. त्याचा अभिमान जरूर बाळगावा. पण अभिमान आणि गरज यांचे हिशेब एका वहीत लिहू नयेत.

खऱ्या रांगड्या गाडीचा हिशेब साधा आहे. स्वतंत्र चेसिस, खडी चढण चढवणारे मंद गिअर आणि चारही चाकांना ओढ देणारी यंत्रणा या गोष्टींना वजन असते, आणि त्या वजनाचे इंधन रोज जळते. थार किंवा जिम्नी यांसारख्या गाड्यांतील चारही चाकांची ओढ कोरड्या डांबरी रस्त्यावर लावायचीच नसते. लावली तर वळणावर यंत्रणेवर ताण येतो. म्हणजे जिच्यासाठी अधिक पैसे मोजले, ती यंत्रणा सडकेवर केवळ ओझे म्हणून फिरते. समजा, तिच्यासाठी दोन लाख रुपये अधिक मोजले, आणि दहा वर्षांत दरवर्षी चार दिवस तिचा खरा उपयोग झाला. तर त्या चाळीस दिवसांपैकी प्रत्येक दिवसाला पाच हजार रुपये पडले, आणि त्यात इंधन, विमा व बुडालेले व्याज धरलेले नाही. एवढ्या पैशांत त्या त्या ठिकाणची जीप, वाट जाणणाऱ्या चालकासह, भाड्याने मिळू शकते. 'अडीअडचणीला असावी' हा युक्तिवाद विम्यासारखा आहे. पण विम्याचा हप्ता जोखमीच्या प्रमाणात असावा लागतो.

ज्यांना चिखल रोजचाच आहे, त्यांनी हा हिशेब केव्हाच मांडला. पश्चिम महाराष्ट्रात वडापच्या जीपने आणि तिच्यामागून २००० साली आलेल्या बोलेरोने घाटमाथ्यावरची माणसे आणि माल वाहिला. स्वतंत्र चेसिस, मागच्या चाकांना ओढ, मागे पाट्यांचे स्प्रिंग, आणि तालुक्याच्या गॅरेजात दुरुस्त होण्याचा गुण, एवढ्यावर खेड्याने समाधान मानले. दुरुस्तीची सोय हीच तेथली खरी मजबुती.

कायद्याला मात्र हा भेद नीट दिसत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराच्या दरांनुसार चार मीटरपर्यंत लांबीच्या, आणि पेट्रोलचे १२०० वा डिझेलचे १५०० घन सेंटिमीटरपर्यंत इंजिन असलेल्या मोटारींवर १८ टक्के कर आहे. त्यापलीकडच्या पेट्रोल-डिझेल मोटारींवर ४० टक्के. परिणाम असा की, नाशिकला तयार होणाऱ्या थारची दोन चाकांच्या ओढीची छोटी डिझेल आवृत्ती १८ टक्क्यांत बसते, आणि चारही चाकांची आवृत्ती, मोठ्या इंजिनामुळे, ४० टक्क्यांत जाते. रांगडेपणाचे केवळ रूप हवे असणाऱ्याला सवलत, आणि डोंगरातल्या वस्तीवर खरोखर जावे लागणाऱ्याला चैनीचा कर! १४६२ घन सेंटिमीटरच्या पेट्रोल इंजिनाची साधी जिम्नी आणि दोन कोटींची रेंज रोव्हर यांना एकच दर लागावा, याला करनीती म्हणावे की टेपपट्टीचे राज्य? कराने लांबी मोजण्यापेक्षा किंमत आणि वजन मोजावे, आणि चाळिशीच्या वरही पायऱ्या ठेवाव्यात, हे अधिक न्याय्य ठरेल.

उरतो तो पायी चालणाऱ्याचा प्रश्न. अमेरिकेतील इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेने २०२३ साली दाखवून दिले की, ज्यांच्या बॉनेटची उंची ४० इंचांहून अधिक आहे अशा गाड्यांच्या धडकेत पादचाऱ्याचा मृत्यू होण्याची शक्यता उतरत्या व ३० इंचांपर्यंतच्या बॉनेटच्या तुलनेत सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक असते. ऐषारामी असो वा रांगडी, दोघींची छाती उंचच. जत्रेच्या फडात पुढची रांग उभी राहिली की मागच्यांनाही उभे राहावे लागते, आणि खाली बसलेल्या पोराला कुस्ती दिसतच नाही. शेजाऱ्याने उंच गाडी घेतली म्हणून आपणही घ्यावी, असे वाटणारे लाखो लोक रस्त्याचा असाच फड करीत आहेत.

म्हणून 'ऐषारामी की रांगडी' हा प्रश्न विचारण्याआधी ग्राहकाने गेल्या वर्षाचे कॅलेंडर काढावे, आणि डांबर संपल्यावरही गाडी पुढे न्यावी लागली असे दिवस मोजावेत. ते शंभर असतील तर रांगडी गाडी हे त्याचे अवजार आहे, आणि सरकारने त्यावर चैनीचा कर घेऊ नये. ते चार असतील तर दोन्ही गाड्या चैनच आहेत. चैन करणे हा गुन्हा नव्हे; पण ती चैन म्हणूनच करावी, आणि तिची पुरती किंमत ज्याची त्याने मोजावी.