विहिरीला पाणी आहे, मग बंब ओढत का नाही?

लेखमाला : आग आणि पाणी (भाग ९)

उन्हाळ्यात गावात आग लागली की बंबाभोवती गर्दी जमते. गाडीतलं पाणी संपतं, आणि मग त्या गर्दीतून कुणीतरी ओरडतंच : "अरे, बाजूला विहीर आहे, विहिरीला पाणी आहे, ओढत का नाही?" प्रश्न रागाचा असतो, पण तो अगदी बरोबर ठिकाणी बोट ठेवतो. गेल्या आठवड्यात आपण होजबद्दल बोललो. आज होजच्या मागे जे यंत्र उभं असतं त्याच्याबद्दल, आणि ते यंत्र ज्याच्या हातात असतं त्या माणसाबद्दल.

त्यासाठी राजूरला जाऊ. यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्वेकडे, वणी तालुक्यातलं हे गाव. आसपास सगळीकडे लोक त्याला राजूर कॉलरी म्हणूनच ओळखतात. एकीकडे कोळसा, दुसरीकडे चुनाभट्ट्या, आणि जवळच वणीची कापसाची बाजारपेठ, म्हणजे जिनिंग आणि गाठी. कोळसा, चुना आणि कापूस हे तिन्ही आगीच्या वेळी वेगवेगळं वागतात. पंपाचं शास्त्र समजून घ्यायला मला यापेक्षा चांगली जागा सुचत नाही.

'बंब' या आपल्या शब्दाचं कूळ पोर्तुगीज 'बोंबा'शी जोडलं जातं. बोंबा म्हणजे पंप. लाल रंग, घंटा, शिडी, टाकी हे सगळं नंतरचं. मुळात बंब हा पंपच. आपण मात्र त्याला पाण्याचा टँकर समजतो, आणि गफलत तिथूनच सुरू होते. हिशेब करून पाहा. 'वॉटर टेंडर टाइप बी' नावाची जी गाडी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे, तिच्या टाकीत ४,५०० लिटर पाणी मावतं. तिच्या पंपाची ठरलेली क्षमता ७ किलो दाबाला मिनिटाला १,८०० लिटर. पंप पूर्ण ताकदीने चालवला तर टाकी अडीच मिनिटांत कोरडी. एकच २० मिलिमीटरचं नोझल साडेतीन किलो दाबाने धरलं, तरी मिनिटाला साधारण ५०० लिटर जातात. म्हणजे नऊ मिनिटं. कोळशाचा ढीग नऊ मिनिटांत विझत नाही. टाकीतलं पाणी सुरुवात करण्यापुरतं असतं. खरं काम विहीर, नदी, तळं किंवा दुसरी गाडी यांच्याकडून पाणी घेण्याचं आहे.

आता गर्दीतल्या त्या प्रश्नाकडे वळू. पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो खरं, पण पंप ओढत नाही. तो सक्शन पाइपातली हवा काढून टाकतो. बाहेरच्या हवेचा दाब पाण्याच्या पृष्ठभागावर पडतो आणि तोच पाण्याला पाइपात वर ढकलतो. फ्लोरेन्सच्या पंपवाल्यांना सतराव्या शतकात हाच अनुभव आला होता : ठरावीक उंचीच्या वर पाणी चढेना. गॅलिलिओने त्याची नोंद केली आणि त्याचा शिष्य तोरिचेल्ली याने १६४३ साली पाऱ्याच्या नळीतून उलगडा केला. आपण सगळे हवेच्या एका समुद्राच्या तळाशी राहतो, आणि त्या समुद्राचं वजन जेमतेम १०.३ मीटर उंच पाण्याच्या खांबाला तोलून धरतं. जगातला कितीही महागडा पंप आणा, वरून ओढायचं म्हटलं तर ही मर्यादा त्याला ओलांडता येत नाही.

ही मर्यादा समुद्रकाठची आणि थंड पाण्याची. राजूरचा भाग समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्या वर आहे. तिथे पाव मीटर गेला. मे महिन्यात उथळ साठ्याचं पाणी ४० अंशांपर्यंत तापलं तर त्याच्या वाफेचा दाब आणखी पाऊण मीटर खातो. पाइपातलं घर्षण आणि जाळीचा अडथळा वेगळाच. म्हणून कामाची मर्यादा सात मीटरच्या आसपास धरतात. त्यातही ही उंची मोजायची ती पाण्याच्या पातळीपासून पंपाच्या मध्यापर्यंत, आणि पंप गाडीवर जमिनीपासून सुमारे मीटरभर वर बसवलेला असतो. म्हणजे जमिनीपासून सात मीटर खाली पाणी असलेली विहीर बंबासाठी आठ मीटरची होते. विदर्भात मे महिन्यात विहिरींचं पाणी किती खोल गेलेलं असतं, हे वाचकांना मी सांगायला नको.

खुल्या खाणींच्या खड्ड्यांचंही तेच. वणी परिसरात काम संपलेल्या खड्ड्यांमध्ये पाणी साचलेलं दिसतं, एवढं की छातीत धस्स व्हावं. पण काठावर गाडी उभी केली तर पाणी पंधरा-वीस मीटर खाली, आणि काठ ढासळता. तिथे गाडीचा पंप निरुपयोगी. हाताने उचलून नेता येईल असा छोटा पंप पाण्याजवळ उतरवावा लागतो किंवा पाण्यात बुडवायचा पंप सोडावा लागतो. खालून ढकलायला हवेच्या दाबाची ती मर्यादा लागू होत नाही.

आता चाचणी. टाकीतलं पाणी पंपातून नोझलला गेलं, फवारा उंच उडाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, एवढ्याला पुष्कळदा चाचणी म्हणतात. माझ्या मते तिला चाचणी म्हणणंच धोक्याचं आहे. टाकी पंपाच्या पातळीवर किंवा वर असते. तिचं पाणी आपसूक पंपात शिरतं. बंबाचा मुख्य पंप सेंट्रिफ्यूगल असतो : आतलं चक्र, म्हणजे इम्पेलर, पाण्याला गरगर फिरवून बाहेर फेकतं. पण त्याला हवा फेकता येत नाही. म्हणून शेजारी प्रायमर नावाचा छोटा सोबती असतो, जो सुरुवातीची हवा काढून देतो. प्रायमर नादुरुस्त असेल, सक्शनच्या जोडातला रबरी वॉशर सुकून तडकला असेल, पंपाच्या फिरत्या दांड्याभोवतीच्या ग्लँडमधून हवा शिरत असेल, तर टाकीच्या चाचणीत यातलं काहीही कळत नाही. ते कळतं विहिरीच्या काठावर, आग लागल्यानंतर.

म्हणून पहिली चाचणी कोरडी हवी. टाकीचा व्हॉल्व्ह आणि सगळ्या डिलिव्हरी, म्हणजे पाणी बाहेर जाण्याच्या वाटा, बंद करायच्या, सक्शनला टोपी लावायची, प्रायमरने हवा काढायची आणि काटा बघत उभं राहायचं. अमेरिकेतल्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेच्या वार्षिक चाचणीत पाऱ्याचे २२ इंच निर्वात तयार करतात आणि पाच मिनिटांत तो १० इंचांपेक्षा जास्त पडता कामा नये असा दंडक आहे. पाच मिनिटं काट्याकडे बघण्यात प्रेक्षणीय काही नसतं, पण पंपाची प्रकृती तिथेच कळते. त्यानंतर खऱ्या पाण्यावरची चाचणी : उघड्या साठ्यातून ओढून पूर्ण क्षमतेला २० मिनिटं, मग दाब वाढवून ७० टक्के पाण्याला १० आणि ५० टक्क्यांना १० मिनिटं. पाणी किती जातंय ते नोझलच्या तोंडाशी पिटो नळी धरून काढतात. ही युक्ती आंरी पितो नावाच्या फ्रेंच अभियंत्याची, १७३२ सालची, सीन नदीचा वेग मोजण्यासाठी शोधलेली. दरवर्षी हे आकडे वहीत चढले तर पंप कधी म्हातारा होऊ लागला ते कळतं. राजूरसारख्या ठिकाणी तर हे फार गरजेचं आहे. कोळशाची भुकटी मिसळलेलं पाणी इम्पेलरला सँडपेपरसारखं घासतं. अशा पाण्यावर काम झालं की पंप स्वच्छ पाण्याने धुतलाच पाहिजे.

यंत्र तपासून झालं, आता माणूस. महाराष्ट्रातल्या अग्निशमन सेवांमध्ये या पदाला 'चालक-यंत्रचालक' म्हणतात, आणि मला हे नाव फार आवडतं, कारण त्यात दोन कामं उघड सांगितली आहेत. पहिल्या कामाचं लायसन्स मिळतं. दुसरं काम गाडी थांबल्यावर सुरू होतं, आणि ते शिकवावं लागतं. आपल्या विदर्भात, नागपूरला, केंद्रीय गृहमंत्रालयाचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. १९५६ साली रामपूरला सुरू झालेली ही संस्था पुढच्याच वर्षी नागपूरला आली. देशभरातले अधिकारी तिथे शिकतात. ते ज्ञान नगरपरिषदेच्या गाडीवरच्या शेवटच्या माणसापर्यंत पोचलं पाहिजे, ही माझी तळमळ आहे.

त्याला काय यायला हवं? आधी डोक्यातला हिशेब. समजा आग ३०० मीटरवर आहे आणि दहा मीटर उंच ढिगावर. नोझलला साडेतीन किलो दाब हवा. ५०० लिटर प्रवाहाला ६३ मिलिमीटरच्या होजमध्ये दर ३० मीटरला साधारण पाव किलो घर्षणात जातं, म्हणजे अडीच. दहा मीटर चढाला एक. झाले सात. पण पाणी दुप्पट केलं की घर्षण दुप्पट होत नाही, चौपट होतं. हे ज्याच्या अंगात मुरलेलं नाही तो थ्रॉटल वाढवत राहतो आणि नोझलशी पाणी का वाढत नाही म्हणून गोंधळतो.

थ्रॉटलच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस असतो. २० मिलिमीटरच्या नोझलला साडेतीन किलो दाब असताना त्याच्या हातांवर मागे ढकलणारा जोर सुमारे २२ किलोंचा. सात किलो दाबाला तो ४५ च्या घरात जातो. ढिगावर पाय रोवून उभ्या असलेल्या फायरमनला यंत्रचालकाने अचानक दाब वाढवून दिला तर तो मागे फेकला जाईल. दोघे एकमेकांना दिसतही नसतात. म्हणून व्हॉल्व्ह सावकाश उघडायचा, सावकाश मिटायचा, आणि इशारा मिळाल्याशिवाय हात लावायचा नाही. ही सवय व्याख्यानाने लागत नाही; पन्नास वेळा करून लागते.

कानही तयार व्हावा लागतो. सक्शनमधून येतं त्यापेक्षा जास्त पाणी मागितलं की पंपात मुरूम ओतल्यासारखा खडखडाट होतो. आतल्या पाण्याचे बुडबुडे फुटून इम्पेलर खात असतात. इंजिन जोरात, दाब मात्र वाढत नाही. अशा वेळी थ्रॉटल कमी करायचा असतो. घाबरलेला माणूस नेमका वाढवतो. आणि सगळ्या डिलिव्हरी बंद ठेवून पंप फिरवत ठेवला तर आतलं पाणी उकळायला लागतं.

पाणी कुठे मारायचं नाही, हेही यंत्रचालकाला ठाऊक हवं. कळीच्या चुन्यावर पाणी पडलं की तो स्वतःच तापतो, शेजारचं लाकूड-गोणपाट पेटवण्याइतका. पेटलेल्या कोळशाच्या ढिगावर जोराची धार मारली तर भुकटीचा ढग उठतो आणि तो भडकू शकतो. तिथे फवारा हवा. कापसाच्या गाठी तर वरून विझलेल्या दिसतात आणि आत धुमसत राहतात. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी 'फोर्ट स्टायकिन' जहाजावर कापूस आणि स्फोटकं एकत्र होती. नऊशे टनांहून अधिक पाणी आत ओतलं गेलं, पण ते आगीच्या मुळापर्यंत पोचलं नाही. स्फोटांमध्ये अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह पाळतो.

त्या सप्ताहात चौकात फवारा उडवून दाखवतात, मुलांना तो आवडतो, आणि आवडू द्यावा. पण त्यातला एक दिवस राजूर-वणी भागातल्या प्रत्येक पाणवठ्यासाठी ठेवावा असं मला मनापासून वाटतं. गाडी प्रत्येक विहिरीशी, खड्ड्याशी, निर्गुडा नदीच्या पात्राशी न्यावी. दोर सोडून पाणी किती खाली आहे ते मोजावं, सक्शन टाकून प्रत्यक्ष ओढून पाहावं आणि वहीत तारखेसह लिहावं : इथे गाडी काठापर्यंत जाते, पाणी पाच मीटरवर, पंपाने घेतलं. इथे पाणी अकरा मीटरवर, गाडीच्या पंपाला मिळणार नाही, छोटा पंप खाली उतरवावा लागेल. मग ती वही गाडीत, चालकाच्या हाताशी ठेवावी.

पुढच्या आठवड्यात : एका गाडीचं पाणी दुसरीला, दुसरीचं तिसरीला. लांबच्या पाण्याची साखळी कशी जुळवतात ते पाहू.