पाटी म्हणजे कायदा नव्हे

कापडाच्या दुकानात गल्ल्याच्या वर एक पाटी हमखास असते : ‘एकदा विकलेला माल कोणत्याही परिस्थितीत परत घेतला जाणार नाही.’ बिलाच्या तळाशीही तेच छापलेलं. घरी येऊन साडीची घडी मोडावी, पदरावर भोक दिसावं, तरी ती पाटी आठवून आपण गप्प बसतो. ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा १९८६ साली झाला. त्याच्या जागी आलेला २०१९चा कायदा जुलै २०२०पासून लागू आहे. तरीही दुकानात पाटीचाच शब्द अखेरचा मानला जातो. अशाच काही समजुती तपासून पाहू.

गैरसमज : पाटी लावली की दुकानदाराची जबाबदारी संपली.
वस्तुस्थिती : सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं ही कायद्याने ‘अनुचित व्यापारी प्रथा’ आहे. बिलावर मुदत दिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर ३० दिवसांत तो परत घ्यावा लागतो. मात्र घरी आल्यावर रंग आवडला नाही, ही साडीची खोट नव्हे. तिथे बदलून देणं दुकानदाराच्या मर्जीवर.

गैरसमज : एमआरपीपेक्षा एक रुपयाही जास्त कुठेच घेता येत नाही.
वस्तुस्थिती : दुकानात, टपरीवर, एसटी स्टँडवर नाहीच घेता येत. एमआरपीत सगळे कर धरलेले असतात, त्यामुळे २० रुपयांच्या पाण्याच्या बाटलीला ‘थंड करण्याचे’ म्हणून २५ मागणं बेकायदा. याची तक्रार वैधमापन विभागाकडे, म्हणजे आपल्या वजनमापे खात्याकडे करायची. पण हॉटेलात टेबलावर बसून तीच बाटली मागवली तर जास्त पैसे लावता येतात. तिथे बाटलीबरोबर सेवाही दिली जाते, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७मध्ये ठरवलं. त्याच बिलातला सर्व्हिस चार्ज मात्र ऐच्छिक आहे. तो बिलात आपोआप लावू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२मध्ये बजावलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५मध्ये ते उचलून धरलं. जीएसटीची गोष्ट वेगळी. तो कर आहे, द्यावाच लागतो.

गैरसमज : बिल नाही, तर तक्रारही नाही.
वस्तुस्थिती : बिल हा सर्वांत भक्कम पुरावा, म्हणून ते मागून घ्यावंच. पण बिल न देणं हीच मुळात अनुचित प्रथा आहे. यूपीआयची नोंद, वॉरंटी कार्ड, दुकानदाराशी झालेले मेसेज हेही पुरावा म्हणून मांडता येतात.

गैरसमज : ऑनलाइन विक्रेता दिल्लीचा, मग दिल्लीलाच खेटे घालावे लागणार.
वस्तुस्थिती : नाशिकच्या घरी आलेला मिक्सर बिघडलेला निघाला, तर तक्रार नाशिकच्याच जिल्हा आयोगात करता येते. ग्राहक राहतो किंवा नोकरी करतो तिथे दाद मागण्याची सोय नव्या कायद्याने केली. त्याआधी संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहावं. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते.

गैरसमज : ‘ग्राहक मंचा’त जायचं तर वकील हवा, पैसा हवा.
वस्तुस्थिती : लोकांच्या तोंडी अजून ‘मंच’ असला तरी आता तो ‘आयोग’ आहे. तिथे स्वतःची बाजू स्वतः मांडता येते. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. ५० लाखांपर्यंतची प्रकरणं जिल्हा आयोगातच चालतात. वादाचं कारण घडल्यापासून २ वर्षांत तक्रार दाखल करायला हवी. निकाल मात्र कायद्यात लिहिलेल्या ३ महिन्यांत क्वचितच लागतो, हेही खरं. म्हणून आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पाहावी.

गैरसमज : पैसे मोजले की प्रत्येक सेवा या कायद्यात येते.
वस्तुस्थिती : पैसे घेऊन उपचार करणारे डॉक्टर १९९५च्या निकालापासून येतात. वकील येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४मध्ये स्पष्ट केलं.

तेव्हा पदरावर भोक दिसलं तर साडी धुवायला टाकण्याआधी त्याचा फोटो काढा, बिल जपून ठेवा आणि दुकानदाराला तारीख घालून लेखी कळवा. गल्ल्यापाशी घातलेल्या तोंडी वादाची नोंद कुठेच राहत नाही.