पार्सलचे वजन, लेबल आणि लहान उत्पादकाचा नफा

हळद, गुळाची पावडर, मध, मखाना, कडधान्ये असा माल ऑनलाइन मागणी घेऊन थेट ग्राहकाच्या घरी पाठवणारे शेतकरी, महिला बचत गट आणि शेतकरी उत्पादक कंपन्या आता देशाच्या बहुतेक राज्यांत आढळतात. मधल्या साखळीतील कमिशन वाचते, हा या पद्धतीचा लाभ सर्वपरिचित आहे. मात्र वाचलेल्या कमिशनची जागा पार्सलचे भाडे घेते. या भाड्याचा हिशेब चुकला, तर विक्री वाढूनही हाती काही उरत नाही. प्रक्रिया आणि प्रतवारीच्या प्रशिक्षणात हा विषय क्वचितच शिकवला जातो, म्हणून त्याचा येथे परामर्श घेतला आहे.

तीन वेगवेगळी वजने

एका पार्सलला तीन वजने असतात. पाकिटातील मालाचे ते निव्वळ वजन. माल, पाकीट, खोका आणि चिकटपट्टी मिळून होते ते एकूण वजन. तिसरे वजन घनफळावर आधारित असते. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करतात आणि त्याला सर्वसाधारणपणे ५००० ने भागतात. येणारे उत्तर किलोग्रॅममध्ये असते. काही वाहतूकदार वेगळा भाजक वापरतात, त्यामुळे करार करतानाच तो विचारून घ्यावा.

एकूण वजन आणि घनफळावर आधारित वजन यांपैकी जे अधिक असेल त्यावर भाडे लागते. तेही बहुधा अर्ध्या किलोच्या टप्प्यांत. म्हणजे १.१ किलोचे पार्सल भाड्यासाठी १.५ किलोचे धरले जाते.

नवा विक्रेता पाकिटावर छापलेले १ किलो हे निव्वळ वजनच नोंदणीच्या वेळी भरतो. पुढे वाहतूकदाराच्या केंद्रात यंत्रावर पार्सलचे वजन आणि माप घेतले जाते. तफावत आढळली की फरकाची रक्कम विक्रेत्याच्या आगाऊ जमा रकमेतून वळती होते. तोवर माल ग्राहकाकडे पोहोचलेला असतो आणि त्याच्याकडून जास्तीचे पैसे मागण्याची सोय उरलेली नसते.

एका खोक्याचे गणित

हळद सांगलीची असो, वायगावची, तमिळनाडूतील इरोडची किंवा ओडिशातील कंधमाळची, हे गणित सारखेच आहे. समजा, एक किलो हळद पावडर भाड्यासह ३०० रुपयांना विकली. कच्चा माल, दळणे आणि वेष्टन यांवर १९० रुपये खर्च झाला. अर्ध्या किलोच्या प्रत्येक टप्प्याला करासह ३० रुपये भाडे आहे. हे आकडे केवळ उदाहरणापुरते आहेत.

पार्सलचे एकूण वजन १.१ किलो आणि खोका २० × १५ × १० सेंटिमीटरचा असेल, तर घनफळावर आधारित वजन ०.६ किलो येते. भाडे एकूण वजनावर, म्हणजे तीन टप्प्यांचे ९० रुपये लागते आणि २० रुपये उरतात. तीच हळद हाताशी असलेल्या ३० × २५ × २० सेंटिमीटरच्या खोक्यात पाठवली, तर घनफळावर आधारित वजन ३ किलो होते. भाडे १८० रुपयांवर जाते आणि प्रत्येक पार्सलमागे ७० रुपये तोटा होतो. मालाचा दर्जा तोच, ग्राहकही तोच. खोका तेवढा बदलला.

मखान्यासारख्या वजनाने हलक्या पण जागा व्यापणाऱ्या मालात हा धोका अधिक असतो. मधाची अडचण निराळी आहे. त्याचे घनफळ कमी, पण गळती होऊ नये म्हणून लागणाऱ्या वेष्टनाचे वजन वाढते.

पाकिटांचे आकारही टप्पे पाहून ठरवावेत. अर्धा किलो मालाचे पार्सल वेष्टनासह ५०० ग्रॅमच्या पुढे जाते आणि पूर्ण एक किलोचे भाडे लागते. २०० ग्रॅमच्या दोन पुड्या हलक्या वेष्टनात पहिल्याच टप्प्यात बसतात.

दोन लेबले, दोन कामे

मालाच्या पाकिटावरील लेबल ग्राहकासाठी आणि कायद्यासाठी असते. त्यावर एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक, तसेच २०११ च्या वैधमापनशास्त्र नियमांनुसार उत्पादकाचे नाव व पत्ता, निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, उत्पादनाचा महिना आणि तक्रारीसाठी संपर्क हा तपशील लागतो. खोक्यावरील लेबल वाहतुकीसाठी असते. त्यात बारकोड, ग्राहकाचा पत्ता व दूरध्वनी क्रमांक, पिनकोड आणि परतीचा पत्ता असतो.

१५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेल्या सहा अंकी पिनकोडवरच आजही पार्सलची वाट ठरते. त्यातील एक अंक चुकला, तरी पार्सल भलत्याच जिल्ह्यात जाऊ शकते. माल परत आला तर जाण्याबरोबरच येण्याचे भाडेही बहुधा विक्रेत्यावर पडते. माल मिळाल्यावर रोख पैसे देण्याच्या मागणीत हा धोका विशेष असतो, म्हणून पाठवण्यापूर्वी ग्राहकाला फोन करून पत्ता पक्का करावा.

लेबल सपाट पृष्ठभागावर लावावे. बारकोड खोक्याच्या कडेवर दुमडू नये. त्यावर चकाकणारी चिकटपट्टी लावल्यास यंत्राला तो वाचण्यास अडचण येते. शाईने छापलेले लेबल पावसात ओघळते, तर उष्णतेवर छापणाऱ्या यंत्राचे लेबल उन्हात काळवंडते किंवा फिके पडते. पावसाळ्यात पारदर्शक पिशवी उपयोगी पडते, पण ती बारकोडवर चुरगळलेली नसावी.

विस्तार कार्यकर्त्यांनी काय करावे

गटाकडे इलेक्ट्रॉनिक वजनकाटा, मोजपट्टी आणि नोंदवही असणे आवश्यक आहे. प्रत्येक पार्सल बंद केल्यावर काट्यावर ठेवून वजनाचा आकडा आणि लेबल एकत्र दिसेल असे छायाचित्र घ्यावे. मोजपट्टी लावून तिन्ही मापांचीही छायाचित्रे काढावीत. वजनाच्या तफावतीवर हरकत घेण्याची मुदत मर्यादित असते आणि अशा वेळी हाच पुरावा कामी येतो.

नोंदवहीत मागणी क्रमांक, भरलेले वजन, खोक्याची मापे आणि प्रत्यक्ष आकारलेले वजन असे रकाने ठेवावेत व दर आठवड्याला ताळा घ्यावा. एकाच खोक्यावर वारंवार तफावत येत असेल, तर दोष बहुधा खोक्याच्या निवडीत किंवा मापात आहे असे समजावे. दोन-तीन ठरावीक आकारांचेच खोके घेतल्यास मापे पाठ होतात आणि चुका घटतात.

विक्रीदर ठरवण्याच्या प्रशिक्षणात उत्पादन खर्चाच्या तक्त्यामध्ये भाडे, वेष्टन आणि परत येणाऱ्या मालाचा खर्च हे स्वतंत्र रकाने घालावेत. टपाल खात्याचे किंवा कुरिअरचे दर बदलले की तो तक्ता त्याच आठवड्यात नव्याने मांडावा आणि मगच पुढील मागण्या स्वीकाराव्यात.