पहिले एक हजार दिवस

केळी आणि कापूस यांसाठी जळगाव व धुळे जिल्ह्यांची ख्याती आहे. परंतु याच जिल्ह्यांत सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा, यावल, रावेर व शिरपूर तालुक्यांतील पाड्यांवर, तसेच साक्रीच्या पश्चिम भागात बालकुपोषणाचा प्रश्न दीर्घकाळ ठाण मांडून आहे.

कुपोषण म्हटले की हाडांचा सापळा झालेले मूल डोळ्यांपुढे येते. मात्र हसतेखेळते, पण वयाच्या मानाने खुजे राहिलेले मूलही कुपोषितच होय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार राज्यातील पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के बालके अशी खुजी आहेत.

गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे सुमारे १,००० दिवस निर्णायक असतात. दोन वर्षांच्या बालकाचा मेंदू प्रौढाच्या मेंदूच्या सुमारे ८० टक्के आकाराचा झालेला असतो. या काळात प्रथिने, लोह व आयोडीन यांची उणीव राहिल्यास तिचे परिणाम पुढे शाळेत आणि रोजगारातही दिसतात.

ग्वाटेमाला देशातील चार खेड्यांत १९६९ ते १९७७ या काळात एक प्रयोग झाला. दोन खेड्यांत प्रथिनयुक्त पेज, तर उरलेल्या दोन खेड्यांत साधे गोड पेय देण्यात आले. वयाच्या पहिल्या दोन वर्षांत पेज मिळालेल्या मुलग्यांची प्रौढपणीची ताशी कमाई सुमारे ४६ टक्के अधिक आढळली. तिसऱ्या वर्षानंतर पेज मिळालेल्यांत असा लाभ दिसला नाही.

अंगणवाडीत नियमित बसू लागणारे मूल साधारणतः तीन वर्षांचे असते. म्हणजे मोलाचा काळ तोवर सरलेला असतो. त्याआधी मिळणारा घरपोच आहार पुष्कळदा साऱ्या कुटुंबात वाटला जातो. दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी कुटुंब स्थलांतरित झाले की वजनाची नोंदही खंडित होते.

येथेच पंचायत सदस्यांचे कर्तव्य सुरू होते. स्थलांतरापूर्वी गर्भवती माता व दोन वर्षांखालील बालकांची यादी करून ती मुक्कामाच्या ठिकाणच्या अंगणवाडीस कळविता येईल. अनुसूचित क्षेत्रात २०१५ पासून अमृत आहार योजनेतून गर्भवती व स्तनदा मातांना एक वेळचे चौरस जेवण मिळण्याची तरतूद आहे. ते प्रत्यक्ष ताटात पडते की नाही, हे पाहणे अवघड नाही. सहा महिन्यांनंतर स्तनपानाबरोबरच डाळीत कुस्करलेली भाकरी, शेंगदाण्याचे बारीक कूट, केळे आणि अंडे बाळाला द्यावे, हेही घरोघर पोहोचले पाहिजे.

शिक्षकांनी मागे पडणाऱ्या मुलास मंदबुद्धी ठरविण्याची घाई करू नये. उशिरा मिळालेला आहार, खेळ आणि जिव्हाळा यांनी सारी हानी भरून निघत नसली, तरी त्यांचा उपयोग निश्चित होतो. आणि त्याच घरातील पाळण्यातल्या भावंडाच्या बाबतीत तर वेळ अजून गेलेली नसते.