सूर मोठा झाला की सनई बुडते

रोहिणखेडच्या एका लग्नात वाजंत्री मांडवात शिरण्याआधीच त्यांचं खरं काम सुरू झालं होतं. मे महिन्यातलं मोताळा तालुक्याचं ऊन. लिंबाच्या सावलीत म्हातारे सनईवाले ताडाच्या पानाची पत्ती तोंडात भिजवत होते. शेजारी पुतण्या ‘सूर’ घेऊन बसलेला. दिसायला सनईच, पण तिच्यातून एकच षड्ज अखंड धरायचा. नको ती भोकं मेणाने बुजवलेली. श्वास नाकाने घ्यायचा, हवा गालात साठवायची, आवाज तुटू द्यायचा नाही.

दोघांनी फुंकलं. स्वर जुळलेला होता, तरी काकांनी हात वर केला. “सूर लय मोठा होऊन राह्यला. पत्ती दाब जरा.”

पोराने पत्तीची ओली फट दोन बोटांत हलकेच चेपली. फट मोठी असली की वारा जास्त लागतो, आवाज दणदणीत येतो आणि स्वर थोडा उतरतो. चेपली की आवाज निवतो, पण स्वर चढतो. म्हणजे आवाज कमी केला की स्वर पुन्हा जुळवणं आलंच; त्यासाठी पत्ती किंचित बाहेर ओढायची. फार चेपली तर ती मिटूनच जाते. मग सनईला दोऱ्याने लटकवलेली सुई आत घालून उघडायची. ऊन लागून पत्ती सुकली की पुन्हा पहिल्यापासून.

तोल जवळून कळत नाही. सूरवाल्याच्या कानात त्याचाच आवाज भरलेला असतो. काका मांडवाच्या पार टोकाला गेले आणि तिथून सनईचे खालचे स्वर लावले. सूर मोठा असेल तर आधी तेच बुडतात. यावेळी ते स्वच्छ ऐकू आले, आणि सनई थांबली तेव्हा सूर मागे भरून राहिला.

मराठा लाइट इन्फंट्रीच्या पाइप बँडलाही हा तोल असाच साधावा लागतो. बॅगपाइपच्या, एकच स्वर धरून ठेवणाऱ्या तीन आधारनळ्यांतल्या पत्त्यांवर बांधलेला दोरा किंवा कडी सरकवून जीभ आखूड केली की वारा कमी लागतो, आवाज उतरतो, स्वर चढतो. मग नळी लांब करून तो जुळवतात. मात्र तिथे वारा पिशवीत असतो. रोहिणखेडच्या पोराला तो छातीतूनच पुरवायचा होता, आणि बिदागी ठरवताना त्याच्याकडे कुणी बघितलंही नाही. हे मला पटत नाही.

घरच्या लग्नाला सनईचा ताफा सांगितलात, तर त्यांना मुहूर्ताआधी अर्धा तास सावलीत बसू द्या, पत्ती भिजवायला पाणी द्या आणि माइक सुरासमोर ठेवू नका.