व्यसनमुक्ती: जायचं कुठे, पैसे कुठून?

पहिला फोन १४४४६ ला करावा. ही केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन. मीरा-भाईंदरकरांना घोडबंदर रस्त्याने ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय गाठता येतं. सरकारी असल्याने खर्च आवाक्यात राहतो. लोकलने खाडी ओलांडली की वसईत फादर जो परेरा यांच्या कृपा फाउंडेशनचं केंद्र आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बैठकांना फी नसते.

विम्याचं प्रकरण मात्र फसवं. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ दारू-ड्रग्जमुळे होणारे मनोविकार मानसिक आजारांत धरतो आणि अशा आजारांना शारीरिक आजारांसारखंच विमासंरक्षण द्या, असंही सांगतो. तरी अनेक पॉलिसींच्या अपवादांत ‘व्यसनावरील उपचार’ असतातच. एजंट हे आपणहून सांगेल, ही आशा सोडा. पॉलिसी स्वतः वाचा. दावा फेटाळला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग विमा लोकपाल. तिथे शुल्क नाही.

खासगी केंद्रात महिन्याच्या रकमेत औषधं आणि तपासण्या धरल्या आहेत का, डॉक्टर किती वेळा येतो, नोंदणी आहे का, हे लेखी घ्यावं. ‘रात्री गाडी पाठवून उचलून नेतो’ म्हणणाऱ्यांना दारातूनच परत पाठवा. मनाविरुद्ध दाखल करण्यापूर्वी मानसोपचारतज्ज्ञासह दोघांनी रुग्णाला स्वतंत्रपणे तपासणं कायद्याने आवश्यक आहे.

रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरीच एकदम तोडू नये. झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. ते पहिले दिवस डॉक्टरच्या देखरेखीखालीच काढावेत.